पेंटन ते किंग्जवेअर: वाफेच्या गाडीत बसून रेल्वेचा इतिहास कसा वाचावा

इंग्लंडच्या डेव्हनमध्ये पेंटन ते किंग्जवेअर अशी सुमारे पावणेसात मैलांची, म्हणजे १०.८ किलोमीटरची वाफेची रेल्वे आहे. ‘डार्टमथ स्टीम रेल्वे’ या नावाने ती चालते. आधी समुद्राच्या कडेने, मग डार्ट नदीच्या खाडीच्या काठाने, अर्ध्या तासात प्रवास संपतो. हिरवं इंजिन आणि चॉकलेटी-मलई रंगाचे डबे पाहून बहुतेक जण ‘शंभर वर्षांपूर्वी असंच असणार’ असं म्हणत उतरतात. पण डबे बहुतांश १९५० आणि १९६०च्या दशकांतले आहेत आणि रंग त्याहून नवा आहे. खरोखर जुनं जे आहे ते रुळांची वळणं, दगडी कमानी, बोगदा आणि एक असं स्टेशन, जिथे गाडी कधी पोचलीच नाही. ते ओळखायचं असेल तर घरी दोनेक तासांची तयारी आणि गाडीत थोडी शिस्त लागते.

तयारी नावांपासून करा, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. पेंटनच्या आधी, टॉर्की शहरात, आज ज्याला टॉर म्हणतात ते स्टेशन डिसेंबर १८४८मध्ये उघडलं तेव्हा त्याचं नाव टॉर्की होतं. १८५९मध्ये लाइन पुढे सरकली, समुद्राजवळ नवं टॉर्की स्टेशन झालं आणि जुन्याला टॉर हे नाव मिळालं. म्हणजे १८५०च्या वर्तमानपत्रात ‘टॉर्की स्टेशन’ दिसलं तर ते आजचं टॉर समजायचं. पेंटन आणि किंग्जवेअरच्या मधलं चर्स्टन स्टेशन १८६१मध्ये ‘ब्रिक्सम रोड’ म्हणून सुरू झालं. आपल्याकडेही स्टेशनाच्या नावात ‘रोड’ असलं की गाव लांब आहे हे प्रवाशाला कळतं, तोच प्रकार. १८६८मध्ये खुद्द ब्रिक्सम बंदरापर्यंत फाटा गेला आणि जुनं नाव निरर्थक ठरलं.

कंपन्यांच्या नावांचा घोळ याहून मोठा. ही लाइन बांधली डार्टमथ अँड टॉरबे रेल्वेने. तिला परवानगी देणारा संसदेचा कायदा १८५७चा. गाड्या मात्र साउथ डेव्हन रेल्वे चालवत असे. १८७२मध्ये छोटी कंपनी मोठीत विरली आणि १८७६मध्ये ती मोठीही ग्रेट वेस्टर्न रेल्वेत गेली. १९४८ला राष्ट्रीयीकरण झालं. आता गंमत अशी, की आज ‘साउथ डेव्हन रेल्वे’ नावाची एक वाफेची रेल्वे जवळच, टॉटनेस ते बकफास्टली चालते. तिचा जुन्या कंपनीशी वारशापुरताच संबंध. त्यात भर म्हणजे पेंटनची लाइन १९७२च्या अखेरीला ज्या डार्ट व्हॅली कंपनीने घेतली, तीच तेव्हा बकफास्टलीची लाइनही चालवत होती. इंटरनेटवर शोधताना तिन्ही गोष्टी एकाच यादीत येतात. म्हणून वहीत तीन रकाने आखा: बांधली कोणी, चालवली कोणी, मालकी कोणाची. प्रत्येक तारीख यांपैकी एका रकान्यात बसलीच पाहिजे. बसत नसेल तर ती दुसऱ्याच लाइनची असण्याची शक्यता जास्त.

उद्घाटनाच्या तारखांचंही तसंच. ‘ही रेल्वे १८५९ची’ आणि ‘ही रेल्वे १८६४ची’ ही दोन्ही वाक्यं छापलेली आढळतात आणि आपापल्या जागी दोन्ही बरोबर आहेत. टॉर ते पेंटन २ ऑगस्ट १८५९, पेंटन ते चर्स्टन मार्च १८६१ आणि तिथून किंग्जवेअरपर्यंत ऑगस्ट १८६४. तुकडे नोंदवले की भांडण मिटतं. शिवाय एक गोष्ट आपोआप लक्षात येते. लाइनचा अभियंता इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल १५ सप्टेंबर १८५९ला वारला, म्हणजे पेंटनला गाडी आल्यानंतर दीड महिन्यात. आज वाफेची गाडी जिथून सुटते त्याच्या पुढचं सगळं काम त्याचा सहकारी आर. पी. ब्रेरेटन याने पुरं केलं. ‘ब्रुनेलची रेल्वे’ अशी पाटी दिसली तर एवढी दुरुस्ती मनात करून घ्यावी.

नकाशे लावून बघणे

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे फुकट पाहता येतात. त्यात २५ इंची मालिका निवडा. तिचं प्रमाण १:२५०० आहे, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जागेवर २५ मीटर. स्क्रीन दुभागून एका बाजूला १९००च्या आसपासची आवृत्ती आणि दुसऱ्या बाजूला आजचं उपग्रहचित्र ठेवा. ग्रीनवे बोगद्याच्या दक्षिण तोंडापासून किंग्जवेअरकडे सरकत गेलात की एका टप्प्यावर जुनी लाइन आणि आजची लाइन जुळत नाहीत. जुनी खाडीच्या पाण्यालगत, नवी थोडी आत.

हा फरक १९२३चा. लाँगवुड आणि नॉस इथे ओढ्यांच्या मुखांवर लाकडी पूल होते. ब्रुनेलच्या घडणीच्या अशा लाकडी पुलांत तुळई कुजली की तेवढीच काढून नवी बसवता येई, म्हणून ते स्वस्त आणि सोयीचे. पण त्यांना लागणारं बाल्टिक किनाऱ्याचं चांगलं पाइन पहिल्या महायुद्धानंतर मिळेनासं झालं. दुसऱ्या लाकडाचं आयुष्य कमी. तेव्हा पूल दुरुस्त करत बसण्याऐवजी लाइनच आत वळवली. पावसाळी कोकणात लाकडी साकव दर काही वर्षांनी का बांधावा लागे हे ज्याला माहीत आहे, त्याला हा निर्णय वेगळा समजवायला नको.

आणखी खोल जायचं असेल तर संसदेकडे दाखल केलेले मूळ आराखडे पाहा. एक्सिटरच्या डेव्हन हेरिटेज सेंटरसारख्या परगण्याच्या दप्तरखान्यात असे आराखडे ठेवतात. कंपन्यांचे कागद लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘रेल’ या वर्गात आहेत. आराखड्यात मुख्य रेषेच्या दोन्ही बाजूंना तुटक रेषा दिसतात. १८४५च्या कायद्याने कंपनीला शेतातून जाताना १०० यार्ड आणि गावातून जाताना १० यार्ड एवढंच इकडेतिकडे सरकता येई. त्या मर्यादेच्या या रेषा. प्रत्यक्ष लाइन त्या पट्ट्याच्या बाहेर गेली असेल तर समजा की नंतर दुसरा कायदा करावा लागला आणि त्याचा शोध घ्या. इथे तो मिळतोच, कारण मूळ बेत ग्रीनवेपाशी डार्ट ओलांडून पलीकडच्या तीराने डार्टमथला जायचा होता. जमीनदारांच्या विरोधामुळे तो सोडावा लागला आणि गाडी अलीकडच्या तीरावर, किंग्जवेअरला थांबली.

पेंटनला पोचण्याआधीच बघण्यासारखं

लंडनहून येताना एक्सिटर सुटल्यावर उजव्या बाजूला बसा. स्टारक्रॉसला लाइनलगत लाल दगडाची मनोऱ्यासारखी इमारत दिसते. ते ब्रुनेलच्या हवेच्या रेल्वेचं पंपघर. रुळांमध्ये १५ इंची नळ, त्यातली हवा पंपाने ओढायची आणि पोकळीच्या जोरावर दट्ट्यासकट गाडी ओढली जायची, अशी युक्ती. नळाच्या वरच्या फटीवर चामड्याची झडप असे. थंडीत चामडं ताठरायचं, फाटायचं, त्यातून हवा गळायची आणि पंप नुसतेच कोळसा खायचे. सप्टेंबर १८४८मध्ये सगळा प्रयोग गुंडाळला. टॉरचा फाटा डिसेंबरचा, म्हणून टॉरजवळचं पंपघर बांधून तयार असूनही एक दिवस कामाला आलं नाही. गाडीतून तेही ओळखता येतं.

डॉलिशला लाइन समुद्राच्या भिंतीवरून जाते. फेब्रुवारी २०१४च्या वादळात ही भिंत फुटली आणि दोन महिने वाहतूक बंद होती; ४ एप्रिलला पहिली गाडी गेली. हिवाळ्यात जायचं असेल तर पूर्वेचा किंवा आग्नेयेचा वारा आणि भरती एकाच वेळी नाहीत ना, एवढं आदल्या दिवशी पाहा. लाटा गाड्यांच्या छपरापर्यंत येतात आणि काही डिझेल गाड्यांची छपरावरची विद्युत यंत्रणा खाऱ्या पाण्याने बंद पडते.

मैलाचे आकडेही वाचा. ग्रेट वेस्टर्नच्या लाइनींवर अंतर लंडनच्या पॅडिंग्टनपासून मोजतात आणि ते मैल व साखळ्यांत लिहितात. एक मैल म्हणजे ८० साखळ्या, एक साखळी ६६ फूट. गुंठ्याची बाजू ३३ फूट असते, म्हणजे बरोबर अर्धी साखळी. गावाकडच्या मोजणीत वाढलेल्या माणसाला हे माप परकं वाटू नये. पेंटनचा आकडा २२२ मैलांच्या थोडा पुढे येतो. पण आज पॅडिंग्टनहून येणारी थेट गाडी इतकं अंतर कापतच नाही. सुमारे २० मैल कमी भरतात. कारण खुणा १८४०च्या दशकातल्या ब्रिस्टलमार्गे मोजलेल्या आहेत आणि जवळचा कॅसल कॅरीमार्गे रस्ता १९०६चा. रस्ता बदलला, आकडे तसेच राहिले.

गाडीत कुठे बसायचं, काय मोजायचं

पेंटनला वाफेच्या रेल्वेचं स्वतंत्र स्टेशन मुख्य स्टेशनाला लागूनच आहे. जाताना समुद्र डावीकडे आणि बोगद्यानंतर खाडी उजवीकडे. एकच जागा धरायची तर जाताना डावी, येतानाही डावी. परतीच्या गाडीत तोंड उलट झाल्याने खाडी डावीकडे येते आणि जाताना चुकलेलं तेव्हा दिसतं.

गुडरिंग्टन सँड्सचा थांबा १९२८चा, समुद्रस्नानाला येणाऱ्यांसाठी केलेला. तो सुटला की चढ लागतो. रुळांकडेला पांढऱ्या पाट्या दिसतील. ६०ला १ म्हणजे ६० मीटर पुढे जाताना एक मीटर वर. चर्स्टनपर्यंतचा चढ ६० ते ७०ला १च्या घरातला आहे. बोरघाटाच्या ३७ला १शी तुलना केली तर सौम्य, पण समुद्रावरून येणाऱ्या ओल्या वाऱ्यात रूळ निसरडे होतात आणि सात-आठ डबे ओढताना इंजिनाची परीक्षा होते.

इथे इंजिनाचे हुंकार, म्हणजे धुराड्यातून येणारे वाफेचे भक्-भक् आवाज, मोजा. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार हुंकार येतात. या लाइनवर चाललेल्या ४२०० आणि ४५०० वर्गांच्या टँक इंजिनांची (पाण्याची टाकी स्वतःवरच वाहणाऱ्या इंजिनांची) चालक चाकं ४ फूट साडेसात इंचांची, म्हणजे घेर सुमारे ४.४३ मीटर. म्हणून दहा सेकंदांतले हुंकार गुणिले ०.४ केले की ताशी किलोमीटरमधला वेग मिळतो. साठ हुंकार म्हणजे २४. ‘मॅनर’ वर्गाचं इंजिन असेल तर चाक ५ फूट ८ इंचांचं, तेव्हा ०.४९ने गुणा. सेकंदाला सहा हुंकार कानाने मोजता येत नाहीत. फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि पाव गतीने ऐका. मध्येच हुंकार एकदम भरभर आले तर गाडीने वेग घेतलेला नाही, चाकं घसरली आहेत. ते दहा सेकंद हिशेबातून काढून टाका. उताराला ड्रायव्हर वाफ बंद करतो, तेव्हा मोजायला काहीच नसतं.

या चढावर दोन दगडी पूल येतात: ब्रॉडसँड्सला चार कमानींचा, हुकहिल्सला नऊ कमानींचा. लाइन वळणावर असल्याने मागच्या डब्यात बसलात तर पुढचं इंजिन आणि खालच्या कमानी एकदम दिसतात. म्हणून पहिल्या डब्याचा मोह टाळा.

चर्स्टनला वर्कशॉप आहे आणि ब्रिक्समचा फाटा इथूनच निघे. दोन मैलांचा हा फाटा रिचर्ड वॉल्स्टन या गृहस्थाच्या खटपटीने आणि मुख्यतः त्याच्याच पैशाने झाला. त्यात तो बुडाला. ब्रिक्समची मासळी मात्र १८६८पासून जवळजवळ शतकभर याच वाटेने लंडनला गेली. १९६३ला फाटा बंद.

पुढे ग्रीनवे बोगदा, ४९५ यार्ड, म्हणजे ४५३ मीटर. डब्यात अंधार झाल्यापासून उजेड येईपर्यंत सेकंद मोजा आणि ४५३ला त्याने भागा. येणाऱ्या आकड्याला ३.६ने गुणा. ४५ सेकंद लागले तर ताशी ३६ किलोमीटर. अशा वारसा-रेल्वेवर कमाल मर्यादा साधारणपणे ताशी २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर असते. तुमचं उत्तर ५५ आलं तर घड्याळ उशिरा सुरू केलंत. बोगदा ब्रुनेलच्या मोठ्या गेजसाठी खणलेला. ते गेज ७ फूट पाव इंच, २१४० मिलिमीटर. आपलं १६७६ मिलिमीटरचं ब्रॉड गेज, ज्यावर १८५३मध्ये बोरीबंदर–ठाणे गाडी धावली, त्याच्याहून ते जवळजवळ अर्धा मीटर रुंद. मे १८९२मध्ये एका शनिवार-रविवारच्या सुमारास एक्सिटरच्या पश्चिमेची सगळी लाइन १४३५ मिलिमीटरवर आणली. रूळ त्यांच्याच लांबीने टाकलेल्या लाकडी तुळयांवर बसवलेले होते. मधले आडवे बांध कापून एक बाजू ७०५ मिलिमीटर आत सरकवली, म्हणूनच एवढ्या थोड्या वेळात जमलं. आडव्या स्लीपरवर हे काम इतकं झटपट होत नाही. त्या काळाच्या खुणा म्हणजे गरजेपेक्षा ऐसपैस पूल आणि जुन्या रुळांचे कापून केलेले कुंपणाचे खांब. काठाची टोपी सरळ ठेवावी तसा पोकळ छेद दिसला तर तो ब्रुनेलचा रूळ.

बोगद्याजवळचा ग्रीनवे हॉल्ट मात्र २०१२चा आहे. अगाथा ख्रिस्तीचं सुट्टीतलं घर ग्रीनवे इथून चालत जाता येतं, म्हणून तो केला. पाट्या जुन्या धाटणीच्या आहेत, त्याला फसू नका.

इंजिनापाशी काय तपासायचं

किंग्जवेअरला उतरून इंजिनाजवळ जा. नाव वाचण्याआधी नंबर वाचा. ४२७७ ‘हर्क्युलीस’, ५२३९ ‘गोलायथ’, ४५५५ ‘वॉरियर’ ही नावं ग्रेट वेस्टर्नने दिलेली नाहीत; टँक इंजिनांना नावं द्यायची तिथे तेव्हा रीत नव्हती. ती जतनाच्या काळात मिळाली. ४२७७ (१९२०) आणि ५२३९ (१९२४) ही साउथ वेल्सच्या कोळशाच्या गाड्या ओढायला बांधलेली जड इंजिनं. म्हणजे पर्यटकांच्या डब्यांपुढे ती शोभतात, पण या लाइनचा जुना फोटो म्हणून त्यांचा फोटो वापरणं चूक. ७८२७ ‘लिडम मॅनर’चं नाव मूळचं आहे, पण ते बांधलं १९५०मध्ये, म्हणजे राष्ट्रीयीकरणानंतर ब्रिटिश रेल्वेने, जुन्या आराखड्यावरून. त्यावर ‘ग्रेट वेस्टर्न’ लिहिलेलं असेल तर तो रंगाऱ्याचा हात.

नंबराच्या पितळी पाटीच्या आसपास, केबिनच्या बाजूला, एक रंगीत ठिपका आणि त्यात अक्षर दिसतं. अक्षर ताकदीचं, रंग वजनाचा. पिवळा ठिपका असलेलं ४५५५ हलक्या पुलांवरही चाले. निळ्या ठिपक्याचं मॅनर त्याहून जड. ४२७७ आणि ५२३९ लाल. एखाद्या फाट्यावर अमुक इंजिन जाई की नाही हे ठरवायला हा ठिपका दहा पानांच्या वर्णनापेक्षा उपयोगी आहे.

वाचून गेलेलं इंजिन हजर नसलं तर नवल नाही. बॉयलरचं प्रमाणपत्र साधारण दहा वर्षांचं असतं. ते संपलं की बॉयलर चौकटीवरून उतरवून नळ्या, खिळे, अग्निपेटीचे पत्रे तपासावे लागतात. समुद्राच्या हवेत पत्रे आणि टाक्यांच्या तळाचा गंज हाही खर्चाचा भाग. म्हणून जाण्याआधी त्या दिवशी कोणतं इंजिन आहे ते रेल्वेच्या संकेतस्थळावर बघा.

स्टेशनाचं लाकडी छप्पर वर मान करून बघा, मग धक्क्यावर या. इथून फेरीबोट पलीकडे डार्टमथला जाते. तिची वेळ गाडीशी जुळवलेली असते, पण भरपूर गर्दीच्या दिवशी एक बोट चुकू शकते, तेव्हा परतीच्या गाडीआधी ४० मिनिटं हाताशी ठेवा. पलीकडे धक्क्यावरची १८८९ची इमारत हे डार्टमथ स्टेशन. तिथे तिकीटघर होतं, पार्सल घेतलं जाई, कंपनीची फेरी लागे. आता उपाहारगृह आहे. मागे, पुढे, बाजूला रूळ शोधू नका. ते तिथे कधी टाकलेच नाहीत.